घरजावयाचं यंत्र

तुळशीराम घरात शिरण्याआधी उंबऱ्याबाहेर खोकायचा. दार सताड उघडं असलं तरी.

खाटेच्या मधोमध तो कधी बसायचा नाही. कडेला बसायचा, एक पाय जमिनीवर टेकवून, कुणी हाक मारली तर उठता यावं असा.

दुसऱ्यांदा भात मागायचा नाही. बायको वाढायला आली की ताटावर आडवा हात धरायचा आणि मग तो हात हळूच काढून घ्यायचा.

त्याचा सदरा घरातल्या दांडीवर नसायचा. पडवीत त्याने स्वतः एक खिळा ठोकला होता, त्यावर असायचा.

सासऱ्याची छत्री कोपऱ्यात उभी असायची. तो भिजत जायचा.

आणि ‘आपलं घर’ असं त्याच्या तोंडून कधी निघायचं नाही. तो ‘इकडं’ म्हणायचा. “इकडं आज खाडीच्या निवट्या आल्यात, मास्तर. थोडं कालवण धाडतो.”

मास्तर म्हणजे अनंता. बावीस वर्षांचा. सत्तावन्न सालच्या जूनमध्ये बी.ए. होऊन तो पनवेलच्या शाळेत मराठी शिकवायला आला आणि खाडीकाठच्या या घरात पडवीलगतची खोली भाड्याने घेऊन राहिला. पहिल्या महिन्यातच तुळशीरामच्या या सवयी त्याच्या नजरेत भरल्या. त्यांचा अर्थ लागायला आणखी एक महिना गेला.

घर काशिरामचं होतं. मिठागर काशिरामचं, खाडीतला मचवा काशिरामचा, गोठ्यातली बैलजोडीही त्याचीच. हौसा ही त्याची एकुलती एक मुलगी. लग्न ठरवतानाच त्याने सांगून टाकलं होतं, की पोरगी सासरी जाणार नाही, जावई इकडे येईल. तुळशीराम विचुंब्याचा. आईबाप गेलेले, गाढी नदीच्या काठी दीड एकर जमीन, एवढाच त्याचा संसार. तो आला. चौदा वर्षं झाली. दिवसभर मिठागरावर उभा राहून तो गोणी मोजायचा, बांध बघायचा, संध्याकाळी येऊन उंबऱ्याबाहेर खोकायचा. मूल झालं नाही. त्याबद्दल त्या घरात फक्त काशिराम बोलायचा.

विचुंब्याची जमीन पडून होती. ती नांगरायला बैल हवेत. घरचे बैल मागावेत तर सासऱ्यापुढे तोंड उघडावं लागणार. विचुंब्यात कुणाकडे मागावेत तर लोक म्हणणार, एवढ्या मोठ्या घरचा जावई आणि बैलांची भीक मागतो. दोन्हीकडून वाट बंद. चौदा वर्षं त्या जमिनीत गवत वाढलं आणि ते दुसऱ्यांच्या गुरांनी खाल्लं.

पौष महिन्यात तुळशीराम सुकापूरच्या बाजूला एका पारशी शेठच्या वाडीवर गेला होता. शेठ वारले होते, वाडी विकली गेली होती, नवा मालक झाडं तोडून जागा साफ करत होता. तुळशीराम गेला होता बांधासाठी बल्ल्या आणायला. बैलगाडीतून परत आला तेव्हा बल्ल्यांवर एक लोखंडी जनावर आडवं बांधलेलं होतं.

दोन चाकं, चाकांना लोखंडी दात. पुढे एक छोटं इंजिन. मागे नांगराच्या रुमण्यासारखे दोन लांब हत्ये. बसायला जागा नाही. मागून चालत चालवायचं. शेठने लढाईच्या आधी विलायतेहून बागेसाठी मागवलं होतं म्हणे. दहा-बारा वर्षं ते चिकूच्या झाडाखाली होतं. त्यावर कोंबड्या बसायच्या.

“उचलून न्या म्हनाला मालक,” तुळशीराम सांगत होता. “जागा अडली होती त्याची.”

हौसा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. “आनि आता आमची अडली.”

“पडवीत राहील.”

“मंग हिला जेवाय वाढू का? सवतच आनलीत जनू.”

तुळशीराम हसला नाही, पण त्याचे कान लाल झाले. अनंताने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने तुळशीरामला विचारलं, “दादा, हे घेऊन काय करणार?”

तुळशीराम इंजिनावरचा कोंबड्यांचा वाळलेला मळ नखाने खरवडत होता. तो म्हणाला, “याला कुनाला विचारावं लागत नाय, मास्तर.”

मिठागराला रविवारी सुट्टी असायची. तो दिवस यंत्राचा झाला. तुळशीरामला बैलगाडीच्या कण्याला वंगण घालण्यापलीकडे काही येत नव्हतं. पहिल्याच रविवारी त्याने उलट्या बाजूला पिळून एक बोल्ट तोडला. मग शहाणा झाला. बोल्टवर रॉकेल सोडायचं, आठ दिवस थांबायचं, पुढच्या रविवारी हात लावायचा. धूर जायच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. ते त्याने दाभणाने सबंध बाहेर काढलं आणि अनंताच्या टेबलावर आणून ठेवलं. “बघा. कसली कारागीर हाय.”

हत्यांखालच्या पत्र्याच्या पेटीत यंत्राचं पुस्तक निघालं. इंग्रजी. वाळवीने कोपरे खाल्लेलं. ते वाचून सांगण्याचं काम अनंताकडे आलं. शोकांतिकेची व्याख्या त्याला इंग्रजीत तोंडपाठ होती. ‘टॅपेट’ म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. तो वाक्य वाचायचा, शब्द न शब्द सांगायचा, आणि दोघे पुस्तकातल्या चित्राशी लोखंड जुळवत बसायचे.

अडलं की डॅनियल मिस्त्रीला बोलवायचं. तो भातगिरणीचं इंजिन सांभाळायचा. इस्रायली आळीतला. शनिवारी हत्याराला हात लावायचा नाही, रविवारी लावायचा. साठीचा, बुटका, बोलायला फटकळ. पहिल्या दिवशी त्याने यंत्राभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “याच्यापेक्षा बकरी पाळायची होतीस. दूध तरी दिलं असतं.” पण नंतर तो न बोलावताही येऊ लागला.

वैशाखात एके दिवशी इंजिनाचं जड चाक हाताने फिरलं. आत पिस्टन सरकल्याचा आवाज आला. प्लगची वायर तुळशीरामच्या बोटात होती, तिने त्याला सणसणीत झटका दिला. तो मागे पडला आणि मोठ्याने हसला. त्या घरात त्याला असं हसताना अनंताने पहिल्यांदाच ऐकलं. हसता हसता तुळशीरामने दाराकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

आता एकच गोष्ट राहिली होती. कार्बोरेटरमधली एक सुई गंजून गेली होती. ती डॅनियल लेथवर कातून देणार होता. पण तो बहिणीकडे मुंबईला गेला, गिरणी पावसाळ्यासाठी बंद झाली, आणि सुई पावसाळा सरेपर्यंत लांबली.

पावसाळ्यात यंत्र कसं ठेवायचं ते पुस्तकात होतं. अनंताने वाचून दाखवलं. प्लग काढून त्या भोकातून चमचाभर इंजिनाचं तेल आत सोडायचं, म्हणजे गंज धरत नाही.

“इंजिनाचं तेल गिरनीत असंल,” तुळशीराम म्हणाला. “गिरनीला कुलूप हाय.”

मग तो उठला आणि गोठ्यातून एक डबा घेऊन आला. मुशीचं तेल. मुशी हा खाडीबाहेरचा मोठा मासा. त्याच्या काळजाचं तेल पावसाआधी मचव्याच्या फळ्यांना आतबाहेर चोळायचं, ही खाडीवरची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. लाकूड कुजत नाही, पाणी शिरत नाही. वास असा, की डब्याचं झाकण उघडलं की मांजरं गोळा व्हायची.

“मचवा पन्नास पावसाळे खातो या तेलावर,” तुळशीराम म्हणाला. “हे चार म्हयने काडनार नाय?”

आणि चमचाभर कशाला? त्याने फुलपात्र भरून आत ओतलं. उरलेलं तेल साऱ्या यंत्राला चोळलं, लहान मुलाला न्हायच्या आधी चोळतात तसं. गोणपाट घातलं, वर माडाच्या पानांचे झाप बांधले.

अनंता शेजारी उभा होता. त्याने मान डोलावली. त्याला ते फार सुंदर वाटलं. खाडीवरची माणसं यंत्रालाही होडीसारखं जपतात, असं एक वाक्य त्याला सुचलं. ते त्याने वहीत लिहून ठेवलं.

गणपतीत घरात पाहुणे आले. दुपारी पंगत बसली होती, तेव्हा काशिरामने विषय काढला. शेजारचं मिठागर विकायला निघालं होतं.

“विचुंब्याची जागा काढून टाकू,” तो म्हणाला. “पडीक हाय ती. इकडं आगर वाढंल. काय, जावय?”

पंगतीत सगळ्यांनी गृहीतच धरलं. एकाने वरणही मागितलं. तुळशीराम ताटाकडे बघत म्हणाला, “ती जागा मी कसनार हाय, मामा.”

वाढणारी हौसा जागच्या जागी थांबली.

“कसनार?” काशिराम म्हणाला. “बैल कुनाचं?”

“यंत्र हाय.”

“यंत्राला पेंड कोन घालनार रे, जावय?” एक पाहुणा म्हणाला. पंगत हसली. काशिराम हसला नाही. तो जावयाकडे बराच वेळ बघत राहिला, घरात एखादी नवी वस्तू दिसावी तसा.

“बरं,” तो म्हणाला. “दसऱ्याला विचुंब्यात चार फेऱ्या नांगरून दाखव. जागा तुझी. पोरीला पन घेऊन जा, मी आडवा येनार नाय. नाय जमलं, तर दिवालीमागं कागदावर सही कर. या सगल्यांच्या म्होरं बोलतोय.”

“चालंल,” तुळशीराम म्हणाला.

त्या संध्याकाळी हौसा अनंताच्या दाराशी आली. एरवी ती खोलीपर्यंत यायची नाही. “मास्तर, खरंच चालंल का वो ते?”

“चालेल की. एक सुई राहिलीय फक्त.”

“मी जानार हाय त्यांच्यासंगं,” ती म्हणाली. “बाबाला अजून सांगितलं नाय.” मग ती चुलीशी गेली. दुसऱ्या दिवसापासून घरातली दोन पातेली आणि एक तवा दिसेनासे झाले. ते तिने एका पोत्यात बांधून माळ्यावर ठेवले होते. विचुंब्याला लागतील म्हणून.

भाद्रपद सरता सरता डॅनियल मिस्त्री परतला. खिशातून कागदाची पुडी काढली, पुडीत सुई. पिवळ्या पितळेची, नवी कोरी. तुळशीरामने झाप सोडले, गोणपाट काढलं. बाहेरून यंत्र चकाकत होतं. गंजाचा एक ठिपका नव्हता. त्याने जड चाकाला हात घातला.

चाक हललं नाही.

त्याने दोन्ही हात लावले. पाय टेकवून जोर केला. अनंताही पुढे झाला. दोघांनी मिळून ओढलं, तेव्हा चाकाऐवजी सबंध यंत्रच पुढे सरकलं.

डॅनियलने प्लग काढला, भोकात तार घातली, ती बाहेर काढून नाकाशी धरली. तारेच्या टोकाला मधासारखं पिवळं, चिवट काही लोंबत होतं.

“मुशीचं तेल कोणी घातलं यात?”

“मी,” तुळशीराम म्हणाला.

“किती?”

“फुलपात्रभर.”

डॅनियलने तार खाली ठेवली. “आमचा आजा घाणेवाला होता. चार पिढ्या तेल काढलंय आम्ही. ऐक. काही तेलं ओली राहतात. काही सुकतात. मुशीचं सुकतं. सुकतं म्हणून तर फळीवर टिकतं, तिच्या अंगाचं कातडं होऊन बसतं. आत पिस्टनचंही तेच झालंय. त्याला तू रोगण लावून चिकटवून टाकलंस.”

मांजर येऊन यंत्राचं चाक चाटत होतं.

“ठोकून काढू?” तुळशीरामने विचारलं.

“ओतीव लोखंड आहे. ठोकशील तर फुटेल, मग संपलं. रॉकेल भर. बाहेरून गरम राखेचा शेक दे. रोज. आणि वाट बघ.”

“किती दिवस?”

“ते तेलाला विचार.”

“दसऱ्याच्या आधी?”

डॅनियल हात पुसत राहिला. पंजे पुसून झाल्यावर त्याने मनगटं पुसली.

तो गेल्यावर अनंता म्हणाला, “दादा, मी तिथेच होतो. मी अडवायला हवं होतं.”

“तुमी बरोबर वाचलंत, मास्तर. चमचाभर, इंजिनाचं. सगलं बरोबर.” तुळशीराम गोणपाटाची घडी घालत होता. “मीच लय शाना.”

अनंताला त्याने बोल लावला असता तर बरं वाटलं असतं.

रोज पहाटे मिठागरावर जायच्या आधी तुळशीराम चुलीतली राख पत्र्यावर आणून सिलिंडरभोवती रचायचा. संध्याकाळी खोकून आत आला की आधी चाकाला हात लावायचा. मग हातपाय धुवायचा. हौसा स्वयंपाकघरातून बघायची. तो मान हलवायचा. एवढंच. असे बारा दिवस.

दसऱ्याला त्या घरात हत्यारांची पूजा असायची. फावडी, घमेली, कोयते, मचव्याचं सुकाणू, मिठाचा काटा, सगळं पडवीत धुऊन मांडलं होतं. हौसाने प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. यंत्रापाशी आल्यावर तिचा हात थबकला. मग तिने त्यालाही लावलं. इंजिनाच्या टोकावर, बैलाच्या कपाळाला लावावं तसं.

गणपतीतले पाहुणे आले होते. आपट्याची पानं देऊन झाली. विचुंब्याचं नाव कुणी काढलं नाही. काशिराम उठला, ताटातलं एक फूल उचललं आणि यंत्राच्या हत्यावर ठेवलं.

“बसलेला बैल पन देवाचाच,” तो म्हणाला.

टोमणा होता की दया, ते अनंताला कळलं नाही. तुळशीरामला कळलं असावं. तो वाकला आणि सासऱ्याच्या पाया पडला.

दिवाळीनंतरच्या मंगळवारी ते कचेरीत गेले. साक्षीला लिहितावाचता माणूस हवा होता. काशिराम म्हणाला, मास्तर आहेत की. अनंता गेला. कागद वाचून दाखवण्यात आला. पूर्वेस गाढी नदी, पश्चिमेस गाडीवाट. तुळशीराम चौथीपर्यंत शिकला होता. त्याने सावकाश, सुट्या अक्षरांत सही केली. खाली अनंताने केली. त्याचं अक्षर वळणदार होतं. कारकुनाने ते वाखाणलं.

घरी आल्यावर हौसाने माळ्यावरचं पोतं उतरवलं. दोन्ही पातेली राखेने घासली आणि मांडणीत परत लावली. तवा त्याच दिवशी चुलीवर चढला.

“तुम्ही काही बोलला का नाही?” अनंताने दुसऱ्या दिवशी तुळशीरामला विचारलं. त्याचा आवाज चढला होता. “मुदत मागायची. महिनाभराची. दिली असती त्यांनी.”

“दिली असती,” तुळशीराम म्हणाला. “मंग ते पन त्यांचंच दिलेलं झालं असतं.”

राखेचा शेक त्याने थांबवला. सिलिंडरमधलं रॉकेल तसंच राहिलं. कुणी ते काढायची तसदी घेतली नाही.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी अनंता खोलीत वह्या तपासत होता. पडवीतून आवाज आला. घर्र. मग थोडं थांबून परत, घर्र. तो पेन टाकून धावला.

तुळशीराम यंत्राजवळ उकिडवा बसला होता. दोन बोटांनी तो जड चाक फिरवत होता. चाक लोण्यातून फिरावं तसं फिरत होतं.

“सुटलं,” अनंता म्हणाला. “दादा, सुटलं.”

“हां. सदरा काडताना कोपर लागलं. फिरलं.”

अनंता भातगिरणीकडे पळत गेला. डॅनियल आला, जुनं रॉकेल काढलं, आत खरं तेल सोडलं, पितळेची सुई बसवली. प्लगची ठिणगी बघितली. निळी, टपोरी. “पेट्रोल आणतो,” तो म्हणाला. “ओढायला दोरी लागेल. या खोबणीत गुंडाळायची आणि झटका द्यायचा. तीन हात, सुती, घट्ट वीण. बाजारची नको, सुटते. तोवर वळून ठेव.”

तो गेला. तुळशीरामने सूत घेतलं, तीन पेड केले, टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि वीण घालू लागला. त्याचे हात सवयीचे होते. अनंता समोर बसला होता. त्याला बसवत नव्हतं.

“आज सुरू होईल,” तो म्हणाला. “संध्याकाळच्या आत.”

“व्हईल.”

“मग?”

“मंग काय?”

“मग चालवायचं की.”

तुळशीरामने वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. समजूत घालावी तसा तो म्हणाला, “चालवून नांगरायचं काय, मास्तर? मीठ?”

अनंता समोरचे हात बघत राहिला. वीण एका मापाची पडत होती.

तेवढ्यात आतून काशिरामची हाक आली. “जावय, भरती लागली. नव्या आगराचं दार बघून ये. पानी सोडायचं हाय आज.”

नवं आगर म्हणजे विचुंब्याच्या दीड एकरातून आलेलं.

“आलो, मामा,” तुळशीराम म्हणाला. उठला. खिळ्यावरचा सदरा घातला आणि बांधाच्या वाटेने गेला.

डॅनियल पेट्रोलची बाटली घेऊन आला. अर्धा तास बसला, मग बाटली अनंताकडे देऊन गेला. तुळशीराम अंधार पडल्यावर परतला. उंबऱ्याबाहेर खोकला आणि सरळ आत गेला. मिठाचा हंगाम सुरू झाला होता. आता आगरं दोन होती, रविवारचीही सुट्टी राहिली नाही. नंतर हंगाम संपला, पण रविवार परत आले नाहीत.

अनंता त्या खोलीत आणखी सात वर्षं राहिला. यंत्र पडवीतच होतं. पाहुणे आले की हत्यांवर टोप्या अडकवायचे. अनंताने एकदा स्वतः दोरी आणून ते सुरू करायचं ठरवलं होतं. पुस्तक घेऊन तो यंत्रापाशी उभा राहिला. हौसा आतून बघत होती. तिने हळूच मान हलवली, नको म्हणून. तो परत फिरला.

तुळशीरामने वळायला घेतलेली दोरी इंजिनाच्या पत्र्यावर होती. तीन हात व्हायला हवी होती. सव्वा हात झाली होती. पुढे तिन्ही पेड सुटे लोंबत होते. वीण उसवू नये म्हणून, हाक आली त्या घाईतही, त्याने जिथवर काम झालं होतं तिथे सुतळीची एक गाठ मारून ठेवली होती.